बेचिराग

रुस्तुमनं ते आणलं युरियाच्या गोणीत,
वर भाकरीचा रिकामा डबा ठेवून.
जालन्याच्या सळईच्या कारखान्यात अमेरिकेतून भंगार येतं :
मोटारींची दारं, रुळांचे खिळे,
आणि परवा आलं एक चेपलेलं लोखंडी कपाट,
ज्याचा खालचा खण उघडतच नव्हता.
पहारीनं उघडला.
'काका, कागद हायेत. इंग्रजी. कामाचे असले तर ठिवा,
नसता भट्टीत जायलेच होते.'

सदतीस वर्षं मी भूमापन खात्यात होतो.
निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, मी सरकारी कागदांना लागलो.
जमवत गेलो जरीदे, पैमाईशीची टिपणं,
फसली सनाचे सेतवार.
अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरातला एक हुकूम आहे माझ्याकडे,
ज्याच्या माथ्यावरचं जुन्या सरकारचं नाव
कुणा कारकुनानं शाईनं खोडलंय
आणि नवं काय लिहायचं ते ठाऊक नसल्यानं
जागा कोरीच सोडलीय.
त्या कोऱ्या जागेसाठी भोकरदनला तीन खेपा केल्या.
बायको म्हणाली, कोऱ्या जागेचे कुणी पैसे देतं का?

दिले. अडीचशे.

तर हा अमेरिकेतला कागद. शिवलेली चाळीस पानं,
सन अठराशे चार, सरकारी छापखाना.
नुकताच विकत घेतलेला मुलूख कसा आहे, त्याची माहिती.
आधी घेतला, मग विचारलं, केवढा आहे?
उत्तरेची हद्द : नक्की सांगता येत नाही.
पश्चिमेची : नक्की सांगता येत नाही.
असलं टिपण माझ्या साहेबानं तोंडावर फेकलं असतं.
पुढं लिहिलंय, तिथं मिठाचा आख्खा डोंगर आहे,
नव्वद कोस लांब, वर झाड नाही, झुडूप नाही.
कुणी पाहिला?
पाहिलेल्याला भेटलेल्या कुणीतरी सांगितलं.

मोईनुद्दीन जिल्दसाज आला. तो आधी कागद हुंगतो.
'चिंध्यांचा कागद आहे मियाँ. आपल्या जरीद्यांच्या मयतीला येईल हा.'
मग अंगठा फिरवत थांबला.
शेवटची आठ पानं कडेला जोडलेलीच होती,
छापखान्यातून घडी होऊन निघाली तशी.
दोनशे वर्षांत तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.
मी सुरी घेतली. त्यानं मनगट धरलं.
'फाडलं की किंमत गेली.'
'विकायचाय कुणाला?'
'तरी.'

मग आम्ही दोघं म्हातारे
रुस्तुमच्या मोबाईलची बत्ती घडीत घालून,
माना वाकड्या करून वाचत बसलो,
उलटं, अर्धंमुर्धं, आतल्या अंगानं.
टोळ्यांची नावं होती, नदीवार.
पुढं आकडे : लढणारे पुरुष दोनशे. तीस.
काहींपुढं, संख्या माहीत नाही.
आणि एका लांब पट्ट्यापुढं, रिकामा.

'रिकामा म्हंजे?' रुस्तुमनं विचारलं.

आमच्या दफ्तरात त्याला शब्द होता.
बेचिराग. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव.
नाव असतं, शिव असते, आकार ठरलेला असतो,
माणूस तेवढा नसतो.
शहात्तर साली मंठ्याकडं असलंच एक मोजत होतो.
साखळी ओढताना वाकलो तर तीन दगडांची चूल.
हात लावला. राख कोमट.
बाभळीवर लुगडं वाळत होतं
आणि पलीकडं कुणीतरी कोंबडी हाकलत होतं.
मी नकाशावर गावाचं नाव लिहिलं,
पुढं एकच अक्षर : बे.
रकाना तेवढाच होता.

हे मी मोईनला कधी सांगितलं नाही. आत्ताही नाही.
तो घडीत ठेवायला कडुलिंबाचा पाला निवडत होता.
'काका, ब्याटरी चारच टक्के राहिली,' रुस्तुम म्हणाला.
म्हटलं, असू दे.
त्या पट्ट्यावर धर.